भरलेला गुंड

रिकामा असला की तो कलतो. तळ झिजून झिजून गोलसर झालेला आहे, म्हणून सपाट फरशीवर ठेवला की एका अंगाला झुकतो आणि नुसता पदर लागला तरी डुलतो. पाणी ओतायला घेतलं की सुरुवातीला त्याची चुळबुळ वाढते, अर्ध्यावर आला की कमी होते, आणि मग पोटातलं पाणी त्याला खाली दाबून धरतं. काठोकाठ भरल्यावर धक्का लागला तरी तो जागचा हलत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरातल्या पितळी गुंडाचा स्वभाव एवढ्यात सांगता येतो. रिकामेपण त्याला सोसत नाही.

दिसायला तो साधा आहे. गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला जाड काठ. त्याला कान नाही, कडी नाही, तोटी नाही. उचलायचा तर काठाखाली बोटं घालून, कमरेशी घेऊन, हाताचा वेढा टाकूनच उचलावा लागतो. त्याला लांबून धरताच येत नाही. पोटाच्या मध्यावर एक बारीक आडवी रेघ फिरते. खालचा आणि वरचा असे दोन वाडगे वेगवेगळे ठोकून तिथे झाळलेले आहेत. अंगभर हातोडीच्या ठोक्यांच्या लहान लहान खुणा आहेत. उन्हात धरला की प्रत्येक खूण वेगळी चमकते. कारागीर याला मठारकाम म्हणतात. ही ठोकाठोक केवळ शोभेसाठी नसते. ठोकून ठोकून पत्रा कठीण होतो आणि पातळ असूनही पाण्याचा भार पेलतो. आमच्या गुंडाच्या डाव्या बाजूला एक पोचा आहे. तो कधी पडला हे घरात कुणालाच आठवत नाही, आणि मी तो कधी काढून घेतला नाही. काठाच्या आतल्या अंगाला टिंबाटिंबांनी आजीचं नाव कोरलेलं आहे आणि त्यापुढे तिच्या माहेरच्या गावाचं. हा तिच्या लग्नातला आहेर.

आजीचा नियम एकच होता. "रिकामं भांडं घडवंचीवर ठेवू नाई व. भरून ठेव, नाई तं पालथं घाल." तिच्या मागे हा नियम मी पाळत आले. माझ्याकडे आज जुनी पाण्याची जेवढी भांडी आहेत, तेवढी सगळी पाळीपाळीने वापरात असतात. काचेच्या कपाटात एकही नाही.

ही मंडळी जमली कशी, ते सांगायला हवं. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर स्टील आलं. घासायला हलकं, चिंच नको, राख नको, कलई नको. बायकांच्या मनगटांचा विचार केला तर ते आलं हे चांगलंच झालं. पण त्या लाटेत पितळ-तांब्याची भांडी पोत्यांनी मोडीत गेली. जुनं द्यायचं, वजनावर मोड धरायची, वर थोडे पैसे घालून स्टीलचा डबा घ्यायचा. पुढे वाडे पडले, वाटण्या झाल्या, फ्लॅटच्या ओट्यावर घडवंचीला जागा उरली नाही, तेव्हा उरलंसुरलंही गेलं. मोडीच्या दुकानात भांड्याला नाव नसतं. तिथे ते फक्त पितळ असतं, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीत जाऊन पुन्हा पितळच होतं. माझा संग्रह म्हणजे त्या दुकानांतून भट्टीच्या आधल्या दिवशी काढून आणलेली भांडी. दुकानदार आता ओळखतात. तराजूवर टाकायच्या आधी बाजूला ठेवतात, म्हणतात, "ताई, मोडीत जेवढं येते तेवढंच लावतो, पाहून घेजा." त्यांच्या या सचोटीमुळे पुष्कळ भांडी वाचली आहेत.

निवडताना मी आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघते. सलग भांडं नाद देतं आणि नाद थोडा रेंगाळतो. चिरलेलं भांडं भद्द वाजतं. मग उजेडाकडे धरून आत बघते, कारण बारीक भोक तिथूनच दिसतं. घरी आणलं की पाणी भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवते. सकाळी कागद कोरडा असला तर झालं. सांध्यावर कुठे करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर मात्र ते भांडं पिण्याच्या पाण्याला नाही. जुन्या दुरुस्त्यांत शिसं मिसळलेला डाग दिलेला असू शकतो, आणि शिशाच्या बाबतीत थोडं चालतं असं काही नसतं. अशा भांड्याला तुळशीच्या पाण्याचं काम देते. आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने टाळते, ती म्हणजे मशीनवरची पॉलिश. चाकावर धरलं की भांडं आरशागत होतं हे खरं, पण ठोक्यांच्या खुणा, टिंबांची नावं, बोटांनी झिजलेला काठ हे सगळं त्याबरोबर पुसलं जातं. शंभर वर्षांच्या हाताळण्यानं जे आलं, ते दहा मिनिटांत घालवायचं कशाला?

घडवंचीवर गुंडाच्या शेजारी एक कळशी असते, तिच्या तोंडावर गडवा. खालच्या फळीवर ताकाची चरवी आणि फिरकीचा तांब्या. या तांब्याचं झाकण आट्यांनी घट्ट बसतं आणि वरची कडी धरून तो हातात नेता येतो. बाटलीबंद पाण्याच्या आधी प्रवासात तोच सोबती होता. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणाऱ्या शकुंतला या आगगाडीच्या डब्यांत असे कित्येक तांबे बाकाखाली बसून गेले असतील. त्या गाडीला घाई नव्हती, तेव्हा पाणी बरोबर हवंच. देवघरात तांब्याचा गंगेचा गडू आहे, काशीहून आलेला, तोंड झाळून बंद केलेला. माझ्या घरातलं कधीही न ओतलेलं भांडं तेवढं एकच, आणि तेही भरलेलंच आहे.

अकोल्यात पाण्याच्या भांड्याला एवढा मान का, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. त्यात आठशे-नऊशे गावं येतात. तिथे विहीर खणली, बोअर घेतलं, तर पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर मूत्रपिंडाचे विकार जडतात. त्यामुळे या भागातल्या घरात पाण्याच्या दोन जाती असतात. खारं पाणी वापरायला, गोडं पाणी प्यायला. गोडं पाणी लांबून यायचं, डोक्यावरून यायचं, आणि ज्यात यायचं ते भांडं घरातलं सगळ्यात जपलेलं भांडं असायचं. शहराला आता महानच्या काटेपूर्णा धरणातून नळानं पाणी येतं, तेही रोज नाही. नळ आला की गल्लीत अजूनही हाका सुरू होतात, घरातलं होतं नव्हतं ते भरून घेतात. प्लास्टिकच्या निळ्या टाक्यांच्या रांगेत आमचा गुंडही पुढे येतो.

त्याचं कौतुक करताना मला एक गोष्ट लपवायची नाही. गुंडात पंधरा लिटर पाणी मावलं तर ते पंधरा किलो झालं, भांड्याचं वजन वेगळं. ते चुंबळीवर, मानेवर, कमरेवर. दिवसातून कितीदा हे विहीर किती लांब यावर ठरायचं. आजीच्या टाळूवर चुंबळीच्या जागी केस विरळ झालेले होते. गुंडाच्या गोल पोटाची जी वळणं आज आपल्याला सुंदर दिसतात, ती एका बाईच्या कमरेच्या खळग्यात नेमकी बसावीत म्हणून तशी झालेली आहेत. त्यातलं सौंदर्य खरं आहे आणि त्यामागचे कष्टही खरे आहेत. मी दोन्ही एकदम बघते.

हे सौंदर्य आपल्याकडे कुणी मोजून मापून लिहून ठेवलं नाही. ते लिहिलं अमेरिकेहून आलेल्या एका जोडप्यानं. चार्ल्स आणि रे ईम्स हे दोघे नावाजलेले रचनाकार. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. याच अहवालाच्या आधारावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. इतका देश पाहिल्यावर त्यांनी सर्वांत सुंदर वस्तू म्हणून निवडला तो साधा तांब्या. त्यांनी प्रश्नांची एक माळच ओवली. पाणी किती मावावं, धरणाऱ्या हातांची ताकद किती, ते डोक्यावर न्यायचं की कमरेवर की गाडीत, भरलेलं असताना तोल कुठे आणि रिकामं असताना कुठे, ओतताना धार कशी पडावी, आत हात जाऊन घासता येईल का, ऊन लागल्यावर धातू हाताला कसा लागेल. आणि या सगळ्याचं उत्तर कुणा एकानं काढलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी थोडं थोडं बदलत काढलं, हे त्यांनी ओळखलं. चिंच आणि राख लावून गावाकडच्या बायका रोज पितळेचं सोनं करतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आजीच्या हातात पऱ्हाटीची राख असायची. कापूस वेचून झाला की उभ्या राहिलेल्या काड्या चुलीत जायच्या आणि चुलीतली राख भांड्यांना. वऱ्हाडात कापसाचं काही वाया जात नाही.

कलईच्या वेळीही कापूस लागतोच. कलईवाला आता क्वचित येतो, पण आला की मी कामं बाजूला ठेवते. जमिनीत खड्डा करून भट्टी, भात्यानं फुलवलेला कोळसा, त्यावर भांडं तापवत धरायचं. नीट तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उसळतो, नाकाला झोंबतो आणि आतला मळ सुटतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे टेकताच ते पाणी होऊन पसरायला लागतं, आणि त्याच क्षणी कापसाचा बोळा आतून गरगर फिरवायचा. काळपट पितळ डोळ्यांदेखत रुपेरी होतं. लगेच पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होतो. आजी समोर पाटावर बसून लक्ष ठेवायची. "भाऊ, कथील कमी नोको लावू, ताकाची चरवी हाय." तिला माहीत होतं, बिनकलईच्या पितळेत ताक कळकतं. आंबट पदार्थ तांबं-पितळ खातो आणि त्याचं विष अन्नात उतरतं. साध्या पाण्याच्या गुंडाला कलई लागत नाही. चरवीला लागते, आणि कलई उडाली की चरवीला सुट्टी द्यावी लागते. जुनी भांडी वापरायची तर त्यांच्या अशा अटी पाळायलाच हव्यात. तांब्याच्या भांड्यात लिंबाचं सरबत करून पाहुण्यांना देणाऱ्या घरांत मला धास्ती वाटते.

तांब्यात ठेवलेलं पाणी चांगलं, हे घरोघर सांगतात. यात तथ्य किती? बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अतिसार घडवणारे जंतू मुद्दाम पाण्यात सोडून ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तर ते जंतू पुन्हा वाढवता आले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेल्या मर्यादेच्या आतच राहिलं. म्हणजे रात्री भरून सकाळी प्यायची रीत बरोबर होती. पण तांबं जंतू मारतं, क्षार काढत नाही. खारपाणपट्ट्यातलं पाणी तांब्याच्या कळशीत चार दिवस ठेवलं तरी खारंच राहतं, वर कळशीच्या आत पांढरा थर धरतं तो वेगळाच.

आणि गार करणं हेही धातूच्या भांड्याचं काम नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी गुंडाला हात लावला तर आतलं पाणी कोमट लागतं. तेव्हा गुंड मागे सरतो आणि माठ पुढे येतो. मातीच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेरची कोरडी हवा ते ओढून घेते, आणि ते वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका माठ गार, म्हणून मुंबईच्या दमट हवेत माठ निरुत्साही वाटतो आणि आमच्याकडे दात शिवशिवतील इतकं गार पाणी देतो. उन्हाळ्यात गुंड नळावरून पाणी आणतो आणि माठाच्या हवाली करतो. माठात वाळ्याची जुडी. पाऊस पडून हवा ओली झाली की माठ पालथा पडतो आणि घडवंची पुन्हा गुंडाच्या ताब्यात जाते.

मातीच्या भांड्यावरून गाडगेबाबा आठवतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी वाढलेला हा माणूस. त्यांची सगळी मालमत्ता म्हणजे एक खराटा, अंगावर चिंध्या आणि मातीचं एक फुटकं गाडगं. त्यात खायचं, त्यात प्यायचं, उन्हात तेच डोक्यावर. लोकांनी माणसाला भांड्याचं नाव दिलं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी लोकांसाठी घाट बांधून घेतला, स्वतःसाठी मात्र त्या गाडग्यापलीकडे भांडं केलं नाही. संग्रह करणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं हे डोळ्यांपुढे ठेवलेलं बरं.

आता झारीविषयी. घडवंचीवरच्या मंडळींत तिचा स्वभाव सगळ्यात निराळा. उभट अंग, मागे वळणदार कान, पुढे बारीक बाकदार तोटी. गुंडातून पाणी भसकन येतं. झारी बोटाएवढी धार सोडते, आणि धार जिथे हवी तिथेच पडते. माझ्याकडची झारी गंगाजमनी आहे, पोट तांब्याचं आणि तोटी-काठ पितळेचे. ती मिळाली तेव्हा तोटी मातीनं बुजलेली होती. काडीनं हळूहळू कोरताना साहजिकच बळीराजाची गोष्ट आठवली. वामनाला दान द्यायला बळी उदक सोडणार, तेवढ्यात शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत बसले आणि धार अडवली. वामनानं दर्भाची काडी घातली आणि त्यांचा डोळा गेला. दान द्यायचं म्हणजे पाणी हातावरून वाहायला हवं, आणि ते वाहतं झारीतून, म्हणून गोष्टीला झारीच लागली.

तोटीचं भांडं आपल्या मातीत फार जुनं आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे इथे १९५०-५१ साली उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली तांबूस, पातळ, वाजवली तर धातूचा नाद देणारी भांडी निघाली. त्यांतलं सगळ्यात देखणं भांडं तोटीचं होतं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या दफनांत मृतांच्या सोबत अशीच तोटीची भांडी ठेवलेली आढळली. गेलेल्या माणसाला वाटेत तहान लागेल, ही काळजी त्यामागे असावी असं मला वाटतं. त्याच संस्कृतीची वस्ती आमच्या वऱ्हाडातही होती, अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढीला. १९८४-८५ मध्ये तिचं उत्खनन झालं. आणि दूरदेशीची पाहुणीही इथे येऊन गेली आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५च्या सुमारास रोमन बनावटीचा काशाचा एक जग सापडला, सोबत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती. भूमध्य समुद्राकाठी कुठे तरी ओतलेलं ते भांडं गलबतातून आलं, घाट चढलं आणि पंचगंगेच्या काठी राहिलं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्याला बघताना मी त्याच्या कानाची पकड न्याहाळत होते. अंगठा कुठे बसेल हे दोन हजार वर्षांनंतरही लगेच कळतं.

पण झारीच्या धारेची दुसरी बाजू बोलल्याशिवाय तिचं चित्र पुरं होत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे चौकाचौकांत प्याऊ लागतात. वाटसरू ओंजळ धरतो आणि वरून धार पडते. ही धार आपुलकीचीही होती आणि दुराव्याचीही. भांड्याला शिवू द्यायचं नाही म्हणून कित्येकांच्या ओंजळीत पाणी हेतुपुरस्सर उंचावरून सोडलं जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की शाळेत नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी स्वतः ओंजळीनं पाणी घेतलं, तेव्हा वरून पडणाऱ्या या धारेलाच त्यांनी उत्तर दिलं. जुनं भांडं घरात आणलं की हा इतिहासही घरात येतो. म्हणून आमच्या दाराशी उन्हाळ्यात मी झारी ठेवत नाही. कळशी ठेवते आणि वर गडवा. ज्याला तहान लागेल त्यानं स्वतःच्या हातानं बुडवून घ्यावं.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघणाऱ्याला वाटेल, इतकं सगळं एका माणसानं कसं जमवलं. दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे. गावोगाव हिंडून त्यांनी वीस हजारांच्या घरात वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. १९६२ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. दुसऱ्याला अडगळ वाटेल ते त्यांनी जीव लावून राखलं. त्यांनी ते केलं नसतं तर आज कित्येक घाट आपल्याला ठाऊकच नसते. संग्रहालयात भांडं कोरडं असणार, तिथे ते तसंच हवं. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. घरात ते ओलं असावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि परदेशी नेता येत नाही. पण परदेशापर्यंत जायची गरजच नाही, आपल्याच शहरांतल्या सजावटीच्या दुकानांत गुंडांना खाली भोक पाडून त्यांचे दिवे केलेले मी बघते. भोक पडलेल्या गुंडात पुन्हा पाणी राहत नाही. लटकता दिवा नव्या पत्र्याचाही होतो. त्यासाठी मठारकाम केलेला सलग गुंड फोडणं मला क्रौर्य वाटतं.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला की मात्र अकोल्यात भांड्यांचे दिवस येतात. कावडयात्रेची सुरुवात १९४४ची सांगतात. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, काही भाविकांनी पूर्णेचं पाणी कावडीनं आणून राजराजेश्वर या ग्रामदैवताला घातलं आणि पाऊस आला. तेव्हापासून रविवारी माणसं गांधीग्रामला पूर्णेकाठी जातात आणि रात्रभर अनवाणी, सुमारे अठरा किलोमीटर चालत सोमवारी जुन्या शहरात येतात. खांद्यावर बांबूच्या कावडी आणि त्यांना बांधलेली भरणी. कुणाची दोन भरण्यांची, तर मोठ्या मंडळांची शेकडो भरण्यांची, जी उचलायला गल्लीच्या गल्ली लागते. "हर्र बोला महादेव!" ची आरोळी दूर अकोट रोडवरून ऐकू येते. ज्या नदीच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी पिववत नाही, त्याच नदीचं पाणी एवढ्या मानानं डोळ्यांसमोरून जातं, आणि त्या दिवशी रस्त्यावर एकही भांडं रिकामं नसतं. आमच्या घरातली छोटी गुंडी गल्लीतल्या पोरांच्या कावडीत असते. परत येते तेव्हा तळाशी पूर्णेचा गाळ असतो आणि मानेला दोरीचे वळ. चिंच भिजत घालून ती घासायचं काम माझं.

मोठ्या गुंडाचं काय करायचं हे यंदा ठरलं. भाचीचं लग्न आहे, आणि रुखवतात काय हवं असं विचारलं तर ती म्हणाली, "आत्या, मले तो डुलणारा गुंड पाह्यजे." ती पुण्याला राहणार, चौथ्या मजल्यावर, पाणी गाळायचं यंत्र असलेल्या स्वयंपाकघरात. घडवंचीला जागा नाही, पण ओट्याच्या कोपऱ्याचं माप तिनं घेऊन ठेवलंय आणि खाली घालायला चुंबळही मागितलीय. गळतीची तपासणी झाली, कागद कोरडा निघाला. नाव टाकणाऱ्याला काल बोलावून घेतलं. तो टिंबं मारायचं हत्यार सरसावून म्हणाला, जुनं नाव घासून काढू आणि त्याच जागी नवं टाकू, सुबक दिसेल. मी त्याला काठाची दुसरी बाजू दाखवली. तिथे अजून तीन-चार नावं मावतील.